उंबरठ्याच्या अलीकडे, पलीकडे: वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या वळणाच्या शेजाऱ्यांसोबत राहताना

आमच्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाचं आमंत्रण घेऊन ती स्वतःच शेजारी गेली आणि दोन मिनिटांत कार्डासकट परत आली. "तो येणार नाही. त्यांच्यात वाढदिवस नसतोच." माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता 'शिष्टपणा'. संध्याकाळभर तोच चघळत बसलो. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मुलाची आई भेटली. तीच म्हणाली, "कालचं मनाला लावून घेऊ नका. आम्ही यहोवाचे साक्षीदार, एक ख्रिस्ती पंथ. आमच्याकडे कुणाचाच वाढदिवस साजरा होत नाही, त्याचा स्वतःचाही नाही. पण परवा दुपारी त्याला खेळायला पाठवू का?" तो आला, दोघांनी सोफ्याच्या उशा उपसून किल्ला बांधला, आणि जाताना "उद्या पण येऊ?" असं इतकं सहज विचारलं की मला माझ्या आदल्या संध्याकाळची लाज वाटली.

त्यांच्या घरचा नियम आमच्या घराबद्दल काहीच बोलत नव्हता. तो अपमान मीच माझ्या डोक्यात तयार केला होता. पुढे काही वर्षं इमारतीच्या समितीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्या, तेव्हा कळलं की हा रोग माझ्या एकट्याचा नाही. शेजारी उपवास करतो, पूजा करतो, करत नाही, लग्न न करता राहतो, मुलांना फार धाकात ठेवतो किंवा अजिबात ठेवत नाही, आणि आपल्याला वाटतं की हे सगळं आपल्यालाच उद्देशून चाललंय.

खाली लिहिलंय ते अशा चुका करत करत जमलेलं. एक गोष्ट आधीच सांगतो: शेजाऱ्याचा आदर करायचा म्हणजे त्याचं पटवून घ्यायचं असं नाही. मला आजही माझ्या कित्येक शेजाऱ्यांचं कितीतरी पटत नाही, आणि त्यांना माझं.

पहिली पायरी: खटकलेली गोष्ट घडते कुठे, ते बघा

काही खटकलं की आधी जागा ठरवायची. जागा तीनच आहेत: त्यांच्या उंबरठ्याच्या आत, जिन्यात म्हणजे सामाइक जागेत, आणि माझ्या घरात. त्यांच्या उंबरठ्याच्या आत काय चालतं हा त्यांचा प्रश्न. जिन्यात काय चालतं हा सगळ्यांचा. माझ्या घरात काय चालतं ते मी ठरवणार.

ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात आपण सगळं एकत्र कालवतो. समितीकडे आलेली एक तक्रार आठवते: "वरचे लोक रात्री उशिरापर्यंत प्रार्थना करतात." खोदून विचारल्यावर कळलं, त्रास प्रार्थनेचा नव्हताच. प्रार्थनेला आलेले पाहुणे जाताना जिन्यात उभे राहून गप्पा मारायचे. प्रार्थना त्यांच्या घरात, गप्पा जिन्यात. बोलायचं होतं ते फक्त गप्पांबद्दल, आणि ते बोलल्यावर आठवड्यात प्रश्न मिटला. 'प्रार्थना बंद करा' असं सांगायला गेलो असतो तर तो आजही मिटला नसता.

कोणती गोष्ट कुठे मोडते हे कळत नसेल तर स्वतःला विचारायचं: ही गोष्ट मला कळलीच नसती, तर मला त्रास झाला असता का? समोरच्या घरातली दोघं लग्न न करता राहतात, हे कळलं नसतं तर माझी झोप उडाली नसती. म्हणजे विषय संपला. पहाटेचा आवाज मात्र कशाचा आहे हे कळो न कळो, जागा करतोच. मग दुसरा प्रश्न: हाच आवाज, एवढाच मोठा, याच वेळी भिंतीला भोक पाडण्याच्या यंत्राचा किंवा टीव्हीवरच्या सामन्याचा असता, तर मी इतकाच चिडलो असतो का? उत्तर 'नाही' असेल, तर राग आवाजाचा नाही. तो कशाचा आहे ते आपलं आपण तपासायचं, शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं नाही.

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. माणसांचे मित्र बहुतेक जवळच राहणारे असतात हे आधीच माहीत होतं. या अभ्यासात दिसलं की नावडती माणसंही जवळचीच असतात, किंबहुना त्यांच्या बाबतीत अंतराचा परिणाम जास्तच असतो. अभ्यासकांनी दिलेलं कारण अगदी घरगुती होतं: जवळ राहणाऱ्याच्या वागण्यानेच आपल्या रोजच्या जगण्याची जागा बिघडते. भांडणाचं मूळ बरेचदा आवाज, कचरा, गाडी लावण्याची जागा असल्या गोष्टींत असतं; धर्म आणि संस्कार त्यावर नंतर चिकटवले जातात.

दुसरी पायरी: 'त्यांच्यात असंच असतं' हे वाक्य सोडा

धर्माबद्दलची माहिती उपयोगाची असते, पण ती घराबद्दलची माहिती नसते. एक ज्यू कुटुंब शनिवारी गाडीला हातही लावणार नाही, दुसरं त्याच शनिवारी सहलीला निघेल. एक मुस्लीम शेजारी पाचही वेळा नमाज पढेल, दुसरा वर्षातून दोनदा ईदेला. एक ख्रिस्ती घर २५ डिसेंबरला नाताळ साजरा करतं, तर रशियन किंवा सर्बियन ऑर्थोडॉक्स घर ७ जानेवारीला, कारण त्यांचं चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं आणि ते सध्या १३ दिवस मागे आहे. एकाच जैन घरात आजी सूर्यास्तानंतर पाण्याव्यतिरिक्त काही घेत नाही आणि नातू रात्री अकराला फ्रिज उघडतो. मग 'त्यांच्यात' म्हणजे नक्की कुणाच्यात?

म्हणून पुस्तकाला विचारण्याऐवजी त्या घराला विचारा. विचारण्याचीही रीत आहे. 'तुम्ही हे का करता?' या प्रश्नात नकळत उलटतपासणी येते. 'तुमच्याकडे हे कसं असतं?' असं विचारलं की माणूस सांगायला लागतो. आणखी चांगलं म्हणजे प्रश्नाला आपल्या कामाची जोड द्यायची: "रविवारी आमच्याकडे बरीच माणसं येणार आहेत, त्या दिवशी तुमच्याकडे काही आहे का?" एवढ्याने समोरच्याला कळतं की माहिती कुतूहल भागवायला नको आहे, वागायला हवी आहे.

विचारायची जागाही बघा. लिफ्टमध्ये चार लोकांसमोर विचारलेला साधा प्रश्नसुद्धा माणसाला प्रदर्शनात उभं करतो. आणि कुठेतरी जगाच्या कोपऱ्यात त्यांच्या धर्माच्या कुणी काही केलं म्हणून त्या संध्याकाळी शेजाऱ्याला "यावर तुमचं मत काय?" असं अजिबात विचारू नका. तो आपल्या मजल्यावर राहणारा माणूस आहे, कुणाचा प्रवक्ता नाही.

तिसरी पायरी: आपल्या कॅलेंडरवर त्यांचे दिवस लिहा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहा, फोनमध्ये टाका, कसंही करा. यासाठी वर्षातून तास-दीड तास जातो, आणि एवढ्या स्वस्तात इतकं काम करणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

रमजानची तारीख दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे येते, कारण इस्लामी चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. म्हणजे गेल्या वर्षीची तारीख यंदा कामाची नाही. ईदही चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. ईद होऊ शकेल अशा त्या दोन्ही दिवशी घराची रंगाची कामं काढू नका. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. काटेकोर पाळणारे त्या काळात विजेचं बटण दाबत नाहीत, फोन उचलत नाहीत. मग 'फोन करूनही उत्तर नाही' म्हणून रुसण्यात अर्थ नसतो. बहाई धर्माची कुटुंबं मार्चमध्ये १९ दिवस सूर्योदय ते सूर्यास्त उपवास करतात. जैनांचं पर्युषण श्वेतांबरांमध्ये ८ दिवस आणि दिगंबरांमध्ये १० दिवस चालतं.

शुभेच्छा देण्याआधी मात्र थांबा, कारण प्रत्येक धार्मिक दिवस आनंदाचा नसतो. गुड फ्रायडेला येशूच्या मृत्यूचं स्मरण असतं. त्या दिवशी हसतमुखाने 'शुभेच्छा' म्हणणं विचित्र दिसतं. ज्यूंचा योम किप्पूर हा साधारण २५ तासांच्या उपवासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस. मोहरमची १० तारीख शियांसाठी इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक असते, तर अनेक सुन्नी घरांत त्याच दिवशी ऐच्छिक रोजा ठेवतात. एकच तारीख, पण दोन घरांत दोन अर्थ. खात्री नसेल तर "आज तुमचा महत्त्वाचा दिवस आहे ना? काही लागलं तर सांगा" एवढं पुरतं, आणि ते कुठेही चुकत नाही.

दारात

ही पायरी छोटी आहे. चपला-बूट कुठे काढलेत ते बघा आणि तसंच करा. हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबा. काही ज्यू आणि काही मुस्लीम परंपरांत परके स्त्री-पुरुष एकमेकांशी हात मिळवत नाहीत. समोरच्याने हात छातीवर ठेवून मान लववली, तर तेच आपणही करावं. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून जा. कुत्रं सोबत असेल तर ते आत चालेल का ते विचारा; अनेक मुस्लीम घरांत कुत्र्याची लाळ लागलेले कपडे धुतल्याशिवाय प्रार्थना करत नाहीत. बाकी, दार उघडल्यावर कोण काय घालून उभं आहे, त्यावर बोलू नये. कौतुकानेसुद्धा.

खाण्याची देवघेव

शेजारधर्म बहुतेक वेळा वाटीतून चालतो आणि अडखळतोही तिथेच. डोळ्यांना जे दिसतं त्यात अडचण नसते. अडचण न दिसणाऱ्या घटकांत असते. गोळ्यांमधलं, जेलीमधलं जिलेटिन बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गाईबैलांच्या कातडी-हाडांपासून बनतं. काही चीज बनवताना वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरतात. व्हॅनिलाच्या अर्कात मद्यार्क असतो. म्हणजे 'यात मांस नाही' हे आपलं प्रामाणिक वाक्यही खोटं ठरू शकतं.

माझ्या मुलीची एक मैत्रीण, तेव्हा आठेक वर्षांची असेल, आमच्याकडे गोळ्यांचं पाकीट हातात आलं की ते फोडायची नाही. आधी उलटं करायची, नाकापाशी नेऊन मागची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचायची, आणि मग एकतर फोडायची किंवा न बोलता माझ्या मुलीच्या हातात द्यायची. तक्रार नाही, चेहरा पाडणं नाही. तिच्या त्या फिरणाऱ्या बोटाने मला शिकवलं की नियम पाळणाऱ्याला नियमाचं ओझं होतंच असं नाही. ओझं होतं ते भोवतालच्यांच्या 'अगं एकाने काय होतं?' या वाक्याचं.

तेव्हा द्यायचं असेल तर बंद पाकीट द्या, ज्यावर घटक छापलेले असतात, किंवा अख्खी फळं द्या. घरी केलेलं देताना त्यात काय काय आहे ते कागदावर लिहा. आणि आग्रह एकदाच. 'नको' आलं की विषय बदला. खाणं नाकारणारा माणूस आपल्याला नाकारत नसतो, हे मी वाढदिवसाच्या प्रकरणात शिकलो होतोच, पण ताटापाशी ते पुन्हा शिकावं लागतं.

उलट बाजूही आहे. आपल्याला कुणी काही दिलं आणि ते आपल्याला चालत नसेल, तर घेऊन गुपचूप टाकून देण्यापेक्षा दारातच सांगावं: "तुम्ही आठवणीने आणलंत, बरं वाटलं. आमच्याकडे हे चालत नाही, रागावू नका." पहिल्यांदा जीभ अडखळते. पण न सांगितलं तर दर सणाला डबा येत राहतो आणि दर सणाला तो टाकून देण्याचा अपराध डोक्यावर राहतो.

मुलं: इथे जास्त वेळ द्या

मोठ्यांचे उंबरठे दिसतात तरी, मुलं ते बघतच नाहीत. या घरातून त्या घरात पळत जातात आणि इकडचा देव तिकडे, तिकडची शिवी इकडे घेऊन येतात. म्हणून आधी मोठ्यांनी बोलून घ्यायला हवं. पहिल्यांदा खेळायला पाठवताना पाच गोष्टी विचारा आणि सांगा: काय खायचं नाही, स्क्रीन किती वेळ, घरात प्राणी आहे का, किती वाजता परत, आणि प्रार्थना किंवा पूजा चालू असेल तर मुलाने काय करायचं. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. माझं मत असं की पाहुण्या मुलाला शांत बसू द्यावं, सहभागी व्हायला लावू नये, आणि 'तूही हात जोड' हे गमतीतसुद्धा म्हणू नये. त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय त्याला प्रार्थनास्थळी नेऊ नये, कपाळावर काही लावू नये, धागा बांधू नये. मुलांच्या हक्कांचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार १४व्या कलमात मुलाचं विचार-धर्माचं स्वातंत्र्यही मान्य करतो आणि त्याला वाट दाखवण्याचा आईवडिलांचा हक्कही. शेजारी या दोन्हींत कुठेच येत नाहीत.

तुमच्या घरात मात्र तुमचे नियम. पाहुण्या मुलाच्या घरी जेवताना कार्टून चालत असेल, तुमच्याकडे चालत नसेल, तर तसं सांगा: "आपल्याकडे जेवताना टीव्ही बंद असतो." 'चांगल्या घरात' किंवा 'चांगली मुलं' हे शब्द मध्ये आणायचे नाहीत. ते मूल घरी जाऊन ते शब्द जसेच्या तसे सांगतं, आणि मग दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणीतरी आपल्याकडे न बघता निघून जातं.

मुलांचे प्रश्न अवघड वेळी येतात. लिफ्टमध्ये, मोठ्या आवाजात: "त्या काकू डोकं का झाकतात?" अशा वेळी मुलाला दटावलं तर तो शिकतो की डोकं झाकणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मी काकूंकडे बघून "चालेल ना?" अशी नजर टाकतो आणि मुलाला सांगतो, "त्यांना तसं आवडतं, महत्त्वाचं वाटतं. त्यांना वेळ असेल तेव्हा नीट विचारू." दहापैकी नऊ वेळा काकू स्वतःच हसून उत्तर देतात.

आणखी एक प्रश्न येतो, घरात, अंथरुणात: "ती म्हणाली आपला देव खरा नाही. खरंय?" रागाने शेजारी जाऊ नका; ते वाक्य बहुधा सहा वर्षांच्या मुलीचं असतं, तिच्या आईचं नसतं. "वेगवेगळ्या घरांत लोक वेगवेगळं मानतात. आपण असं मानतो, ती तसं मानते, आणि उद्या तुम्ही दोघी सायकल चालवायला जाणार आहात" इतकं पुरतं. हेच वाक्य वारंवार येऊ लागलं, मुलाला भीती बसली, तर मात्र आईवडिलांशी बोला, आणि धर्मावर न बोलता भीतीवर बोला.

दुसऱ्याच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. काही घरांत तो श्रद्धेचा प्रश्न असतो, काहींत घटस्फोटाच्या खटल्याचा, काहींत निव्वळ नावडीचा. कारण विचारण्याचीही गरज नाही.

घर कुणाचं कसं बनलेलं आहे

धर्माबद्दल निदान लोक जपून बोलतात. कुटुंबाच्या रचनेबद्दल बोलताना ते भानही सुटतं. एकटी आई, एकत्र राहणारी दोन माणसं, दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया, मूल नको असलेलं जोडपं, दुसऱ्या लग्नातली मुलं, चौदा माणसांचं एकत्र कुटुंब, साठीनंतर लग्न केलेले आजोबा. यांपैकी कुणालाही 'मग पुढे काय?', 'मूल कधी?', 'खरे वडील कुठे असतात?' हे प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. ओळख करून देताना नातं आपण लावू नये, नाव पुरतं.

यातला कमी बोलला जाणारा भाग म्हणजे हेरगिरी. शेजारच्या तरुण मुलीची आई किंवा दूरचा काका फोन करून गोड आवाजात विचारतो, "कोण येतं-जातं, जरा लक्ष ठेवा हं." हे काम घेऊ नका. "तिलाच विचारा, ती छान बोलते" म्हणून फोन ठेवा. आपण कितीही काळजीपोटी सांगितलं तरी त्या मुलीसाठी आपलं दार त्या दिवसापासून बंद झालेलं असतं, आणि खरंच अडचणीत सापडली तर ती ते ठोठावणार नाही.

आवाज, धूर, वास: प्रत्यक्ष बोलणं

आता जिन्यातली भांडणं. आवाज खरोखर त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपेच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, आणि ही मर्यादा कुजबुजीच्या आसपासची आहे. म्हणजे तक्रार करणारा दरवेळी धर्मद्वेष्टा नसतो, हे गाणाऱ्यानेही लक्षात घ्यावं.

बोलायला जाताना कार्यक्रम चालू असताना जाऊ नका. दुसऱ्या दिवशी, एकटे, रिकाम्या हाताने चालेल पण मोकळ्या चेहऱ्याने जा. वाक्यांचा क्रम मी असा ठेवतो. आधी कबुली: "तुमचा कार्यक्रम असतो हे माहीत आहे, तो असायलाच हवा." मग माझी अडचण, मोजून: "आमचं बाळ साडेआठला झोपतं, आणि आमची भिंत नेमकी तुमच्या स्पीकरच्या मागे आहे." मग नेमकी मागणी: "स्पीकर समोरच्या भिंतीला लावता येईल का? किंवा साडेआठनंतर आवाज थोडा कमी?" आणि शेवटी बदल्यात काहीतरी: "तुमच्या मोठ्या दिवशी आधी सांगा, आम्ही बाळाला आजीकडे नेऊ." 'नेहमी', 'तुम्ही लोक' आणि 'आम्ही कधी असं करतो का' हे तीन शब्दप्रयोग या बोलण्यात आले की उठून घरी यावं, कारण पुढे फक्त भांडण आहे.

धूप, उदबत्ती, मेणबत्त्या, हुक्का, तळणाचा वास यांचंही तसंच. दमा असलेल्या माणसासाठी धूर हा आजार असतो, मत नव्हे. खिडकी उघडणं, जाळायची जागा बदलणं, जिन्याकडचं दार लावणं यांतून बहुतेक प्रकरणं निकालात निघतात. दोनदा बोलूनही काही होत नसेल, तर दोघांच्याही विश्वासातला तिसरा माणूस मध्ये घ्यावा. तक्रार अर्ज त्यानंतर.

जिना, सभागृह आणि इमारतीचा ग्रुप

सामाइक जागेचा नियम सणाच्या आधी करावा, सण अंगावर आल्यावर नाही, आणि त्यात धर्माचं नाव नसावं. 'दाराबाहेर अमुक आकारापर्यंत सजावट चालेल, वाट अडता कामा नये, इतक्या दिवसांत काढावी' असा नियम सगळ्यांना सारखा लागतो: चिन्हाला, माळेला, झेंड्याला, बाळ झाल्याच्या फुग्यांनाही. एखाद्याचीच सजावट सुटत असेल किंवा एखाद्याचीच खुपत असेल, तर नियम नाही, मर्जी चालली आहे असं समजा. वर्गणीतही तसंच: धार्मिक कार्यक्रमाची वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि न देणाऱ्यांची यादी लावू नका. ग्रुपवर देखभालीची सूचना, पाण्याची वेळ, हरवलेली किल्ली. देवाचे आणि नेत्यांचे संदेश दुसरीकडे.

नुसत्या नियमांनी मात्र ओळख होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एका समान कामासाठी, मिळून राबली आणि त्याला वरून पाठिंबा असला, तर पूर्वग्रह कमी होतात. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या अभ्यासकांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतो असंच एकंदर चित्र निघालं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. 'सर्वधर्म स्नेहमेळावा' ठेवला की सगळे आपापल्या खुर्चीत अवघडून बसतात. पाण्याची टाकी फुटली की तेच लोक गुडघाभर चिखलात एकमेकांना बादल्या देतात. तेव्हा मेळावा घेण्यापेक्षा झाडं लावायला, सायकली दुरुस्त करायला, गच्ची धुवायला बोलवा.

मृत्यू आणि आजारपण

शेजारी काय मानतो हे आपल्याला खरंच कळलेलं असावं असे हे दिवस. मुस्लीम आणि ज्यू घरांत दफन शक्य तितक्या लवकर करतात, त्यामुळे काही तासांतच मोठी गर्दी होते. लिफ्ट आणि गाड्यांची जागा मोकळी करून देणं हीच तेव्हाची मोठी मदत. ज्यू घरात 'शिवा' म्हणजे सात दिवसांचा शोक असतो. भेटायला जाणारा गप्प बसतो आणि शोक करणारा बोलेपर्यंत थांबतो. तिथे फुलं नेण्याची रीत नाही. मुस्लीम विधवेची इद्दत, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर पाळायचा ठरावीक काळ, चार महिने दहा दिवसांची असते, त्या काळात ती फारशी बाहेर दिसली नाही तर चौकशांचा भडिमार नको. हिंदू घरांत बहुधा तेरा दिवस पाळतात, पण काय शिजतं, काय नाही, कुणाला शिवायचं नाही हे घराघरात वेगळं. आणि धर्म न मानणाऱ्या घरात 'देवाची इच्छा' हे वाक्य टोचू शकतं. "वाईट झालं, मी आहे" म्हणावं.

दुःखात बुडालेल्या माणसाला 'काय आणू?' विचारू नका. घरातला एखादा पुतण्या, मेहुणी शोधा आणि त्यांना विचारा. खुर्च्या, पिण्याचं पाणी, चपलांसाठी जागा, मुलांना दोन तास सांभाळणं या गोष्टी सगळ्या धर्मांत लागतात.

मर्यादा कुठे

'त्यांच्या घरातला प्रश्न' हे वाक्य मारहाणीला लागू नाही. बायकोला, सुनेला, मुलाला, म्हाताऱ्याला मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, अल्पवयीन मुलीचं लग्न लावणं हे संस्कार म्हणून मांडलं तरी उंबरठा तिथे संपतो. त्या माणसाला समजावण्याच्या भानगडीत न पडता, ज्याला त्रास होतोय त्याला सुरक्षितपणे गाठता आलं तर विचारा, आणि पोलिसांना किंवा मदतवाहिनीला कळवा. चुकून कळवल्याची शरम, न कळवल्याच्या शरमेपेक्षा पुष्कळ हलकी असते.

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८वं कलम धर्म पाळण्याचं, तसंच तो बदलण्याचं स्वातंत्र्य देतं. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात पुढचा फरक स्पष्ट केला: मनातल्या श्रद्धेवर बंधन नाही, पण ती बाहेर प्रकट करताना इतरांचे मूलभूत हक्क, सुरक्षितता, आरोग्य यांसाठी कायद्याने मर्यादा घालता येतात. म्हणून शेजारच्या मुलाने धर्म बदलला किंवा सोडला, तर त्याच्या घरच्या वादात आपण पंच व्हायचं नाही. पण त्याच्या अंगावर कुणी हात टाकला, तर गप्पही बसायचं नाही.

कुणी आपल्याला स्वतःच्या धर्माकडे ओढू पाहत असेल, तर एकदा स्वच्छ सांगावं: "तुम्ही आपुलकीने सांगता, पण या विषयावर मला बोलायचं नाही. बाकी कशावरही गप्पा मारू." पुन्हा झालं तर हेच वाक्य, याच आवाजात. आपणही कुणाला ओढत नाही ना, हे जरा बघावं. सकाळी सातला पाठवलेला देवाचा फोटोही ओढणंच असतो.

चूक झाली की

होणारच. माझी सांगतो. एका दुपारी उत्साहाने घरचा खाऊचा डबा घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. दार उघडलेल्या बाईंनी हसून दोन्ही हातांनी डबा घेतला, मागच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर एक रुमाल टाकला. मी "गरम आहे तोवर खा" म्हणत राहिलो. आत त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा त्या रुमालाकडे बघत होता. संध्याकाळी कळलं, घरात सगळ्यांचे रोजे होते आणि त्या मुलाचा तो पहिला.

अशा वेळी लांबलचक माफी मागू नका. समोरच्याला आपलंच सांत्वन करत बसावं लागतं. मी वर जाऊन एवढंच म्हणालो, "मला लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. त्याच्या पहिल्या रोजाला मी चांगलीच परीक्षा घेतली." बाई म्हणाल्या, "पास झाला तो. सूर्य मावळल्यावर पहिला तुमचाच डबा उघडला." दोन दिवसांनी डबा परत आला, भरून. झाकणावर चिकटपट्टीने एक कागद लावला होता आणि त्यावर मुलाच्या अक्षरात आतल्या पदार्थात काय काय आहे त्याची यादी होती, अगदी मिठापर्यंत.